बंडखोर मुलगा आणि त्याचीं माणसें

कांहीं ग्रंथांचें दैव मोठें चमत्कारिक असतें. ते जितके अधिक वाचले जातात, तितकें त्यांच्याविषयींचें एक ठराविक मत घट्ट होत जातें, आणि अखेर मूळ ग्रंथच त्या मताखालीं झांकला जातो. जे. डी. सॅलिंजर यांच्या 'द कॅचर इन द राय' या अमेरिकन कादंबरीचें असेंच झालें आहे. ती १९५१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तेव्हांपासून तिचा नायक होल्डन कॉलफील्ड हा सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे वडील मंडळींच्या दांभिक जगाविरुद्ध उभारलेलें निशाण, असें सर्वत्र समजलें जातें. त्याच्या भक्तांनीं तें निशाण डोक्यावर घेऊन मिरविलें. अमेरिकेंतील कित्येक शाळांनीं तेंच निशाण पाहून हें पुस्तक वाचनाच्या यादींतून काढून टाकलें. गंमत अशी कीं, भक्त आणि निंदक यांचा निष्कर्षाविषयीं वाद असला, तरी मूळ गृहीत गोष्टीविषयीं त्यांचें एकमत आहे. हा मुलगा जगाचा द्वेष करतो, हें दोघांनाही मान्य!

आम्हांला हें मत बरोबर वाटत नाहीं. होल्डनच्या बोलण्यांत बंड आहे, हें कोणीही कबूल करील. परंतु पात्राची परीक्षा त्याच्या बोलण्यावरून करावयाची कीं वागण्यावरून, हा टीकेंतील जुना प्रश्न येथें पुन्हां विचारणें अवश्य आहे. होल्डन लोकांविषयीं काय म्हणतो याची टिपणें पुष्कळांनीं केलीं आहेत. तो लोकांशीं कसा वागतो, कोणाकडे जातो, कोणापासून पळतो, आणि कोणापुढें त्याची जीभ अडखळते, याचा हिशेब मांडला तर चित्र अगदीं निराळें दिसूं लागतें. हा हिशेब मांडण्याचा येथें आमचा विचार आहे.

प्रथम कथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. पेन्सिल्व्हेनियांतील पेन्सी नांवाच्या वसतिगृहयुक्त शाळेंतून होल्डनला काढून टाकण्यांत आलेलें आहे. पांच विषयांपैकीं चार विषयांत तो नापास झाला आहे. शाळेंतून निघण्याची ही त्याची पहिली वेळ नव्हे. नाताळची सुट्टी सुरू व्हावयास अद्याप कांहीं दिवस आहेत. परंतु शनिवारीं रात्रीं एका सोबत्याशीं मारामारी होते आणि तो सामान उचलून आपल्या शहराला, न्यूयॉर्कला, येतो. घरीं मात्र जात नाहीं. हॉटेलांत, नाचघरांत, उपाहारगृहांत, बागेंत आणि रस्त्यावर सोमवारपर्यंत तो भटकतो. पुढें त्याची प्रकृति ढांसळते, आणि नंतर कॅलिफोर्नियांतील एका आरोग्यधामांतून ही सारी हकीगत तो आपल्याला सांगतो. कथानक म्हणावें असें यांत फारसें नाहीं. आहेत त्या केवळ भेटी. एकामागून एक माणूस येतें, आणि प्रत्येक भेट मोडते. तेव्हां या कादंबरीचा विषय बंड हा नसून भेट हा आहे, असें आम्ही म्हटलें तर तें धाडसाचें होणार नाहीं.

आईबापांपासून आरंभ करावा, तर होल्डन तोच दरवाजा आधीं बंद करतो. आपल्या जन्माची आणि घराण्याची हकीगत आपण सांगणार नाहीं, असें तो पहिल्याच परिच्छेदांत बजावतो. वडील धनिक वकील आहेत, एवढेंच आपल्याला कळतें. साऱ्या कादंबरींत ते एकदांही समोर येत नाहींत. आई येते, पण तीही अंधारांतला आवाज म्हणून. रात्रीं चोरासारखा घरांत शिरलेला मुलगा धाकट्या बहिणीच्या खोलींतील कपाटांत दडला आहे, आणि आई बहिणीशीं बोलते आहे, एवढाच तो प्रसंग. असें असूनही या आईविषयींचा एक उल्लेख सर्व ग्रंथांत अत्यंत हृद्य आहे. पेन्सींत सामान बांधतांना आईनें नुकतेच पाठविलेले बर्फावर घसरण्याचे जोडे त्याच्या हातीं लागतात. ते चुकीच्या प्रकारचे आहेत. परंतु दुकानांत जाऊन तिनें दुकानदाराला किती भाबडे प्रश्न विचारले असतील, हें चित्र त्याच्या डोळ्यांसमोर उभें राहतें, आणि आपण तर पुन्हां शाळेंतून हांकलले गेलों आहों, या विचारानें तो खिन्न होतो. आम्ही विचारतों, जगाचा द्वेष करणाऱ्याचें हें लक्षण काय? प्रेम थोडक्यांत चुकलें म्हणून ज्याचें काळीज तुटतें, त्याला द्वेष्टा म्हणणें हें आपल्या निरीक्षणाचें दारिद्र्य होय.

या घरावर जी सावली आहे, ती ॲली या भावाच्या मृत्यूची. ॲली होल्डनहून दोन वर्षांनीं लहान. १९४६ च्या जुलैंत तो पांढऱ्या पेशींच्या रोगानें गेला. त्या रात्रीं तेरा वर्षांचा होल्डन मोटारीच्या कोठींत झोंपला आणि नुसत्या मुठीनें त्यानें तेथील सगळ्या कांचा फोडल्या. हात इतका जायबंदी झाला कीं, त्याला इस्पितळांत ठेवावें लागलें आणि भावाच्या अंत्यसंस्काराला तो हजर राहूं शकला नाहीं. अद्यापि ती मूठ त्याला घट्ट वळतां येत नाहीं. हा तपशील लेखकानें सहज जातां जातां सांगितला आहे. पण आमच्या मतें सबंध पात्राची गुरुकिल्ली तेथें आहे. ज्याची मूठ वळत नाहीं असा हा बंडखोर! त्याचा पहिला आणि एकमेव खरा हल्ला शाळेवर, समाजावर किंवा बापावर नव्हता. तो मृत्यूवर होता, आणि त्या झटापटींत जखम झाली ती त्यालाच.

ॲलीचा चेंडू झेलण्याचा हातमोजा होल्डन शाळेंत बरोबर बाळगतो. मैदानांत उभें असतां वाचावयास मिळाव्या म्हणून ॲलीनें त्यावर हिरव्या शाईनें कविता लिहून ठेविल्या होत्या. स्ट्रॅडलेटर हा खोलींतला देखणा आणि आत्मसंतुष्ट सोबती होल्डनकडून एक निबंध लिहून मागतो, आणि होल्डन या मोज्याचें वर्णन लिहून देतो. आपल्या आयुष्यांतील सर्वांत पवित्र वस्तु तो, ज्याला ती समजण्याची तिळमात्र शक्यता नाहीं, अशा मनुष्याच्या हवालीं करतो! अर्थात् स्ट्रॅडलेटर चिडतो, होल्डन निबंध फाडून टाकतो, आणि थोड्याच वेळानें दुसऱ्या निमित्तानें हातघाई होऊन होल्डनचें नाक रक्तबंबाळ होतें. मग तो कोठें जातो? ज्या मुरुमांनीं भरलेल्या, घाणेरड्या ॲकलेची त्यानें इतका वेळ टर उडविली, त्याच्याच खोलींत. सोबतीची भूक इतकी कीं, तिरस्कारही तिच्या आड येऊं शकत नाहीं.

मारामारीचें निमित्त म्हणजे जेन गॅलघर. या मुलीशीं होल्डनची एका उन्हाळ्यांत मैत्री झाली होती. सोंगट्यांच्या खेळांत ती आपले राजे मागच्या रांगेंतून हलवीतच नसे, कारण तेथें ते तिला सुंदर दिसत. एकदां सावत्र बापाच्या एका प्रश्नानंतर तिच्या डोळ्यांतून एक थेंब पटावर पडला, आणि तिनें तो बोटानें लांकडांत चोळून जिरविला. होल्डन उठून तिच्याजवळ जाऊन बसला. अशी ही मैत्री. आतां ती मुलगी शाळेच्या आवारांत खालीं येऊन उभी असतांही हा खालीं उतरून तिला भेटत नाहीं. पुढें न्यूयॉर्कांत तिला दूरध्वनि करावा असें त्याच्या मनांत वारंवार येतें. कधीं मन लागत नाहीं, कधीं भलताच मनुष्य उत्तर देतो. भेट होतच नाहीं. टीकाकारांनीं यास संकोच म्हटलें आहे. आम्हांस त्यांत त्याहून कांहीं अधिक दिसतें. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहासाच्या संग्रहालयाची होल्डनला मोठी ओढ आहे, कारण कांचेमागील चित्रें कधीं बदलत नाहींत; बदलतो तो फक्त पाहणारा. जेनला त्यानें त्याच संग्रहालयांत ठेवून दिलें आहे. तिला भेटावें, तर ती बदललेली दिसण्याची भीति. राजे मागच्या रांगेंत ठेवून खेळ चालत नाहीं, हें त्या मुलीला न कळलें तरी चालेल. पण होल्डन स्वतःच्या सगळ्या आवडत्या माणसांना त्याच रांगेंत ठेवूं पाहतो, आणि म्हणून त्याचा डाव पुढें सरकत नाहीं.

ज्या माणसांना असें ठेवतां येत नाहीं, त्यांच्याशीं त्याचें वर्तन अगदीं उलट. सॅली हेझ हिला तो नाटकास नेतो, बर्फावर घसरावयास नेतो आणि एकाएकीं तिला विचारतो कीं, आपण दोघें शहर सोडून मॅसॅच्युसेट्स-व्हर्माँटकडे निघून जाऊं, ओढ्याकांठीं राहूं. सॅली व्यवहाराच्या शंका काढते. त्या शंका योग्यच आहेत! परंतु हा तिला नको तें बोलून रडवितो. एखादा भोळा वाचक येथें होल्डनची बाजू घेईल. लेखक मात्र घेत नाहीं. मुलगा तिला कंटाळवाणी म्हणत असतां चूक कोणाची आहे हें लेखकानें आपल्याला स्वच्छ दिसूं दिलें आहे. निवेदक एक सांगतो आणि कथा दुसरेंच दाखविते, ही या ग्रंथाची मुख्य करामत होय; ती ध्यानांत न घेतां होल्डनचीं मतें हीं सॅलिंजरचीं मतें म्हणून उद्धृत करणारांनीं फार गोंधळ माजविला आहे.

तीच गोष्ट त्याच्या सत्यप्रियतेची. ढोंगाचा हा शत्रु आगगाडींत एका सोबत्याच्या आईला भेटतो. तो सोबती म्हणजे शाळेंतला एक नीच मुलगा. परंतु तो किती लाजाळू आणि हळवा आहे, याच्या धडधडीत खोट्या कथा होल्डन त्या बाईस सांगत सुटतो, आणि तिचा चेहरा उजळलेला पाहून त्याला बरें वाटतें. हॉटेलांत सनी नांवाची वेश्या त्याच्या खोलींत येते, तेव्हां तिचा हिरवा पोशाख खुंटीला अडकवितांना, ती तो दुकानांत विकत घेत असतां तिचा धंदा कोणालाही कळला नसेल, हा विचार त्याला येतो आणि त्याची सारी वासना विरून जाते. ढोंगाचा तिटकारा त्याला आहे खरा. परंतु तो तत्त्वज्ञाचा तिटकारा नव्हे. दुःखाला अति जवळून पाहणाऱ्या, आणि त्यावर उपाय न सुचणाऱ्या पोराची ती आरडाओरड आहे.

गुरुजनांशीं त्याचें नातें पाहावें, तर दोन शिक्षक दोन टोंकांस उभे आहेत. वृद्ध स्पेन्सर त्याला घरीं बोलावून त्याच्या परीक्षेचें उत्तर मोठ्यानें वाचून दाखवितात. हेतु चांगला, परिणाम केवळ मानखंडना. अँटोलिनी यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. जुन्या शाळेंत जेम्स कॅसल नांवाच्या मुलानें, आपला शब्द परत घेण्यापेक्षां खिडकींतून उडी टाकून प्राण दिला, तेव्हां रक्ताची पर्वा न करतां ज्यानें त्याला उचलून नेलें, तोच हा शिक्षक. मरतांना त्या मुलाच्या अंगांत होल्डनचाच लोकरी अंगरखा होता. अँटोलिनी होल्डनला रात्रीं आसरा देतात, तूं एका भयंकर पतनाकडे चालला आहेस असें कळकळीनें सांगतात, आणि पहाटेच्या सुमारास मुलगा जागा होतो तों त्यांचा हात आपल्या मस्तकावर फिरत असलेला त्याला आढळतो. तो घाबरून पळतो. स्पर्श कशाचा होता, वात्सल्याचा कीं वासनेचा? लेखक उत्तर देत नाहीं, आणि देत नाहीं हेंच योग्य. महत्त्वाचें आहे तें पुढें. स्थानकांतल्या बांकावर बसून होल्डन स्वतःलाच विचारतो कीं, आपण त्यांना उगाच दोष दिला असेल काय? आपण दिलेल्या निकालाचा फेरविचार करण्याची इच्छा त्याच्या ठायीं प्रथमच इतकी स्पष्ट दिसते. मोठेपणाची सुरुवात झाली असेल, तर ती येथें.

आतां फीबी. ही दहा वर्षांची बहीण म्हणजे या रात्रींतील एकमेव दिवा. तिच्यासाठीं घेतलेली तबकडी वाटेंत फुटते, तर ती तुकडेच मागून घेऊन जपून ठेवते. परंतु ही मुलगी नुसती गोड नाहीं. न्यायाधीशाचें काम तिच्याकडेच आहे. तुला या जगांत आवडतें तरी काय, असें ती विचारते, आणि होल्डनला ॲलीशिवाय नांव सुचत नाहीं. ॲली मेला आहे, याची ती आठवण करून देते. मग तो आपलें स्वप्न सांगतो. राईच्या शेतांत हजारों मुलें खेळत आहेत, शेजारींच कडा आहे, आणि कड्याकडे धांवणाऱ्या प्रत्येक मुलास झेलावयास आपण उभे आहों. ही कल्पना त्याला रॉबर्ट बर्न्सच्या एका गीतावरून सुचली. पण त्या गीताचा शब्द तो चुकीचा सांगतो. फीबी चूक दाखविते. मूळ गीतांत कोणी कोणाला 'भेटतें'. होल्डननें त्या जागीं 'झेलतें' असें ऐकलें आहे.

या एका शब्दाच्या फेरांत सर्व कादंबरी सामावली आहे, असें आम्हांस वाटतें. भेटीला दोन माणसें लागतात, आणि दोघांनाही पाय असतात. तीं येऊं शकतात तशीं जाऊंही शकतात. झेलण्याला एकच माणूस पुरे. दुसरें केवळ पडणारें. ॲलीला झेलतां आलें नाहीं, जेम्स कॅसलला झेलतां आलें नाहीं. म्हणून हा मुलगा सगळ्या जगालाच झेलूं पाहतो, आणि त्या नादांत भेटणें विसरून जातो. सॅलीला तो भेटत नाहीं, तिला स्वतःबरोबर उचलून नेऊं पाहतो. जेनला भेटत नाहीं, तिला कांचेंत ठेवतो. पावित्र्य राखण्याची त्याची धडपड थोर खरी, पण तींत समोरच्या माणसाच्या इच्छेला जागा नाहीं.

शेवटच्या भागांत लेखकानें याची जी सोडवणूक केली आहे, ती उपदेशाचा एक शब्दही न वापरतां. होल्डन पश्चिमेकडे पळून जाण्याचें ठरवितो आणि निरोप घेण्यासाठीं फीबीला बोलावतो. ती येते ती होल्डनचीच जुनी बॅग ओढीत. तिलाही बरोबर जावयाचें आहे! बंडखोरापुढें त्याचें बंड लहान मुलीच्या रूपानें उभें राहतें. तो तिला रागावून नाहीं म्हणतो. आयुष्यांत प्रथमच तो वडील माणसाच्या जागीं उभा आहे, आणि प्रथमच त्याला ती जागा किती अवघड आहे हें कळतें. मग तीं दोघें बागेंतल्या फिरत्या घोड्यांपाशीं येतात. मुलें घोड्यावरून वांकून सोनेरी कडें पकडूं पाहतात. फीबीही तसेंच करते. ती पडेल अशी भीति त्याला वाटते. परंतु तो हात पुढें करीत नाहीं. मुलांना कड्याकडे हात नेऊं द्यावा, पडलीं तर पडूं द्यावें, असें त्याचें मन त्याला सांगतें. झेलणारा बाजूला होतो आणि पाहणारा उरतो. मुसळधार पाऊस येतो, फीबीनें परत त्याच्या डोक्यावर घातलेली लाल टोपी भिजते, आणि तो बांकावर बसून आनंदानें रडावयास येतो.

मराठी वाचकास येथें भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ची आठवण होणें अपरिहार्य आहे. १९६३ सालीं ती कादंबरी आली आणि या दोहोंची तुलना आपल्याकडे पुष्कळदां झाली. दोन्हींकडे तरुण निवेदक, दोन्हींकडे शिक्षणसंस्थेचा उपहास, दोन्हींकडे धाकट्या भावंडाचा मृत्यु. परंतु साम्याच्या मोहांत भेद विसरूं नये. पांडुरंग सांगवीकराला बाप आहे. तो बोलतो, पैसे देतो, हिशेब मागतो, आणि त्याच्याशीं भांडतां येतें. अखेर परतावयास सांगवी नांवाचें गांव आहे. होल्डनचा बाप म्हणजे एक भीति मात्र, आणि त्याचें घर म्हणजे उंच इमारतींतील एक दरवाजा. मनीच्या मृत्यूनंतर पांडुरंगाजवळ कोणी उरत नाहीं. होल्डनला फीबी उरते. म्हणून एकाचा शेवट विरक्तींत, तर दुसऱ्याचा पावसांत भिजत कां होईना, पण आशेंत.

ग्रंथांत दोष नाहींत असें नव्हे. फीबी कित्येक ठिकाणीं दहा वर्षांच्या मुलीपेक्षां लेखकाच्या विवेकबुद्धीसारखी बोलते. सॅलीला लेखकानें न्याय दिला असला तरी आयुष्य दिलें नाहीं. होल्डनच्या खिशांत आजीनें पाठविलेले पैसे आहेत, म्हणून त्याच्या वणवणीला हॉटेल मिळतें; गरीब मुलाचें बंड इतकें सावकाश चालत नाहीं, ही जाणीव ग्रंथांत पुसट आहे. आणि निवेदकाचा तिरकस सूर इतका मोहक आहे कीं, उतावळा वाचक त्यांतील आरोपपत्रच तेवढें उचलतो. १९८० सालीं गायक जॉन लेनन यांचा खून करणाऱ्या इसमाजवळ याच पुस्तकाची प्रत सांपडली. ग्रंथावर त्या रक्ताचा डाग लावणें अन्यायाचें होईल. परंतु अर्धें वाचलेलें पुस्तक किती धोक्याचें असतें, याची तरी ती साक्ष आहेच.

कारण ज्यानें हें पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलें, त्याला ठाऊक आहे कीं, निवेदकाचा अखेरचा भाव द्वेषाचा नाहीं. ज्यांच्याविषयीं आपण सांगितलें, त्या सर्वांची आतां आठवण येऊं लागली आहे, असें होल्डन कबूल करतो. स्ट्रॅडलेटरची, ॲकलेची, पांच डॉलरसाठीं ज्यानें त्याला मारलें त्या मॉरिसचीसुद्धां! सांगितल्यानें माणसें जवळ येतात, हें त्याला उशिरां कळलें आहे.

आमच्या वाचकांत पुष्कळ शिक्षक आहेत, पुष्कळ आईबाप आहेत. त्यांच्या घरांत व वर्गांत असा एखादा मुलगा हमखास असेल, ज्याच्या तोंडीं सगळ्या जगाची निंदा आहे. त्याच्या निंदेला उत्तर देण्याच्या भरीस पडूं नये. तो कोणाला दूरध्वनि करावयास उठतो आणि न करतां परत येऊन बसतो, तेवढें पाहावें.